खाडीचा 'राष्ट्रीय जलमार्ग' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

रत्नागिरी जिल्ह्याच्या बातम्यांत एक बातमी अधूनमधून उगवते. वाशिष्ठी नदी 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८' आहे, दाभोळ खाडीतून माल आणि प्रवासी नेता येतील, त्यासाठी गाळ उपसावा लागेल. ती वाचून चिपळूणच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला बरं वाटतं, कारण गाळ गेला की पूर जाईल असा त्याचा हिशेब. खाडीकाठचा भोई किंवा खारवी मच्छीमार मात्र विचारतो, 'मग आम्ही जाळी कुठं लावायची?' आणि खारजमिनीत भात लावणारा आधी आपल्या बांधाकडे बघतो.

तिघांचे प्रश्न रास्त आहेत, पण सरळ उत्तर तिघांनाही क्वचितच मिळतं. उत्तर देणारे मीटर, वर्ग आणि अधिसूचना यांच्या भाषेत बोलतात. विचारणाऱ्यांची भाषा भरती-सुकतीची (सुकती म्हणजे ओहोटी) आहे. या दोन भाषा एकमेकींना समजाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

घोषणेने काय बदलतं, काय नाही

रस्ता 'राष्ट्रीय महामार्ग' झाला की मोजणी होते, जमीन संपादित होते, मोबदल्याची यादी लागते. नदीचं तसं होत नाही. नदी 'राष्ट्रीय जलमार्ग' झाली हे संसदेच्या कायद्याच्या परिशिष्टातल्या एका ओळीवरून कळतं. त्या ओळीत नदीचं नाव आणि कुठून कुठपर्यंत एवढंच असतं.

१९८६ साली गंगेचा अलाहाबाद ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा पट्टा पहिला राष्ट्रीय जलमार्ग झाला. पुढच्या तीस वर्षांत असे पाचच झाले. मग २०१६चा राष्ट्रीय जलमार्ग कायदा आला आणि एकदम १०६ नवी नावं जोडली गेली, एकूण १११. त्यात कोकणातल्या बऱ्याच खाड्या आहेत: धरमतरची आंबा, रेवदंड्याची कुंडलिका, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री. वाशिष्ठीचा पट्टा दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या पेढ्याच्या पुलापर्यंत, साधारण ४५ किलोमीटर.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राला जो अधिकार दिला आहे तो अशा जलमार्गावरच्या यंत्रचलित नौकांच्या वाहतुकीपुरता आहे. पाणी आणि मासेमारी हे विषय राज्याच्या यादीत राहतात. म्हणून 'आता नदी दिल्लीची झाली' हे खरं नाही. पण 'नुसतं नाव बदललं, त्यात काय' हेही खरं नाही. घोषणा झाल्यावर त्या पट्ट्यात वाहतुकीची वाट आखणं, ती खोल राखणं आणि तिच्यात अडथळा कशाला म्हणायचं हे ठरवणं, ही कामं भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे येतात. शेवटचं काम लक्षात ठेवा. वाटेत रोवलेला डोलीचा (प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याचा) खुंट हा कोळ्याच्या दृष्टीने घर चालवणारी वस्तू आहे, बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) दृष्टीने अडथळा.

१११पैकी बहुतेक जलमार्ग अजून कागदावर आहेत, हेही सांगायला हवं. घाबरून जायची गरज नाही. पण कागद तयार असताना, खोदाई सुरू झालेली नसताना, विचारायला वेळ मिळतो तो आताच.

दोन मीटर म्हणजे कुठून दोन मीटर?

नदी 'जहाजाजोगी' आहे की नाही हे एका आकड्यावर ठरतं: किमान उपलब्ध खोली. म्हणजे ठरलेल्या वाटेत, सगळ्यात उथळ जागी, पाणी सगळ्यात कमी असताना किती खोली मिळते. जलमार्गांचे वर्ग यावरच पाडले आहेत. पहिल्या वर्गाला १.२ मीटर लागतात, चौथ्या वर्गाला २ मीटर. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली बुडतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्टपेक्षा खोली थोडी जास्त असली की जहाज न टेकता जातं.

गंगेत ही खोली ऋतूप्रमाणे बदलते. कोकणच्या खाडीत ती दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा सुकते. आपल्याकडचे जुने लोक पंचांगावरून भरती सांगतात: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला सुकती. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तिथीमागे पाऊण तास धरणारा हा हिशेब त्याच्या अगदी जवळ जातो. मला हा नियम फार आवडतो. भरतीचं अख्खं वेळापत्रक एका गुणाकारात बसवलेलं आहे, आणि ते बसवणाऱ्यांपैकी कुणाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. नौकानयनाच्या नकाशातली खोली मोजतात ती उधाणाच्या सुकतीला पाणी जिथवर उतरतं त्याच्या आसपासच्या पातळीपासून. म्हणून नकाशात 'खोली २ मीटर' लिहिलेल्या जागी भरतीला चार मीटरसुद्धा पाणी असू शकतं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: 'पूर्वी गोवळकोटपर्यंत गलबतं यायचीच की!' यायची. दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळात मोठं बंदर होतं. मुंबईहून आगबोट दाभोळला यायची, माणसं पडावातून उतरायची आणि पुढे खाडीतून वर जायची. पण ती गलबतं भरती धरून आत यायची, मध्येच सुकती लागली तर चिखलात टेकून पुढच्या पाण्याची वाट बघायची. नदी जशी होती तशी ठेवून होडी तिच्या मापाची बांधलेली असायची. आजच्या मालवाहतुकीला वेळेचं बंधन असतं, बार्ज सहा तास चिखलात बसवून ठेवणं परवडत नाही. म्हणून आता नदी बार्जच्या मापाची करायची असते. सगळा गुंता या एका उलटापालटीतून निघतो.

उपसलेला गाळ परत का येतो

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं हे घराघरात माहीत आहे. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. खाडीत समुद्राचं मीठ हेच काम करतं. नदीच्या गोड्या पाण्यातून आलेली सह्याद्रीची माती खाऱ्या पाण्याला भेटली की तिचे गोळे होतात आणि ती तिथेच बसते. चिपळूण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर उघडा पडला, कापला, त्यावर रस्ता झाला, की दर पावसात माती खाली येते. वरून माती येत राहिली आणि खालून तुरटी फिरत राहिली तर खाडी भरत राहणारच.

शिवाय खाडीचा तळ ही एक तडजोड असते. पाण्याचा वेग आणि येणारा गाळ यांच्यात जमलेलं गणित. तिच्यात चर खणला की चरातल्या पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ नेमका तिथेच बसू लागतो. समुद्रकिनारी वाळूत खड्डा खणणाऱ्या मुलाला जो अनुभव येतो तोच.

म्हणून उपशाचे दोन प्रकार धरतात. पहिल्यांदा वाट खोल करणं हा मोठा उपसा, आणि ती खोल राहावी म्हणून पुन्हा पुन्हा करायचा तो देखभालीचा उपसा. पर्यावरण मंजुरीच्या नियमांत मोठ्या उपशाचा विचार होतो. देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात धरलेला असेल तर त्याला वेगळी मंजुरी लागत नाही. याचा साधा अर्थ असा की पहिल्या वेळी जे विचारलं नाही ते पुढे दरवर्षी विचारायची संधी येणार नाही.

खोदाईने काय होतं ते खाडीकाठच्यांनी आधीच पाहिलेलं आहे. हातपाटीने, बुडी मारून टोपलीत वाळू काढणं वेगळं आणि संक्शन पंपाने तळ ओढून घेणं वेगळं. पंप लागले तिथे काठ ढासळल्याच्या तक्रारी सावित्रीपासून सिंधुदुर्गातल्या खाड्यांपर्यंत सगळीकडे आहेत. जलमार्गाचा उपसा त्यापेक्षा शिस्तीत होईल, सर्वेक्षण करून होईल, हे मान्य. तळाला मात्र परवाना आहे की नाही ते कळत नाही.

मीठ वर सरकतं ते कसं

काकवी पाण्यात ओतली तर ती तळाशी जाऊन पसरते. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे भरतीला समुद्राचं पाणी खाडीच्या तळाशी पाचरीसारखं आत घुसतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून समुद्राकडे वाहतं. पावसाळ्यात नदीचा जोर असतो, पाचर मागे रेटली जाते. एप्रिल-मेमध्ये ती वर सरकते. तळ खोल केला की पाचरीला मोकळी वाट मिळते आणि ती आणखी वर जाते.

वाशिष्ठीचं यात एक वेगळेपण आहे. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला आणलं जातं, पोफळी आणि अलोरे भागात वीज करून ते वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा पाणीवाटप लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरलेलं आहे. म्हणजे भर उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे गोडं पाणी असतं ते पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचं. दाभोळ खाडीत मीठ कुठपर्यंत येणार हे काही अंशी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर ठरतं. इतर नद्यांचं गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही, आणि कुणी लावलं तर खाडीकाठच्यांनी तिथेच थांबवावं.

मीठ वर सरकलं तर आधी कुणाला कळतं? विहिरीला. मग खाजणातल्या, म्हणजे खारजमिनीतल्या, भाताला. खारजमीन ही बांधाच्या भरवशावर उभी असते. भरतीचं पाणी अडवायला बांध, पावसाचं पाणी सोडायला उघाडी. बांधाला खांड पडली आणि एकदा खारं पाणी शिरलं की ते मीठ धुऊन निघायला पावसाळे जातात. चालत्या बार्जच्या लाटा बांधाच्या पायथ्याला रोज थोडं थोडं खातात. धरमतर खाडीत खोल समुद्रात उभ्या जहाजांतून कोळसा आणि खनिज बार्जमध्ये उतरवून डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत नेतात. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातले शेतकरी बांध झिजल्याची तक्रार करत आले आहेत. बांध फुटायला उधाण, दुरुस्तीची हयगय, तोडलेली तिवरं (खारफुटी) अशी इतर कारणंही असतात. पण बार्जचा वेग किती असावा आणि बांधापासून किती अंतर राखावं, हे लेखी ठरवायला काय हरकत आहे?

जर्मनीतल्या एम्स नदीचं उदाहरण अभ्यासक नेहमी देतात. पापेनबुर्ग इथल्या गोदीत बांधलेली मोठी जहाजं समुद्रात नेता यावीत म्हणून ती पुन्हा पुन्हा खोल केली. भरतीचा चढउतार वाढला, तळाशी दाट चिखल साचू लागला आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू इतका घटतो की मासे टिकत नाहीत. वाशिष्ठीत एवढ्या प्रमाणात खोदायचं कुणी म्हणत नाही. नदी खोल केल्याचे परिणाम खोदलेल्या जागेपुरते राहत नाहीत, एवढंच त्यावरून घ्यायचं.

पाण्याला सातबारा नसतो

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे.

बाहेरून बघणाऱ्याला खाडी म्हणजे एक सलग पाणी दिसतं. आतल्या माणसाला ती शेतासारखी वाटून घेतलेली दिसते. प्रवाहाच्या मध्यात डोल लावायच्या जागा ठरलेल्या असतात. कडेला कांडाळ (पाण्यात उभं लावायचं जाळं), उथळात पाग (हाताने फेकायचं जाळं). सुकतीला उघड्या पडणाऱ्या चिखलात बायका तिसऱ्या, मुळे, खेकडे काढतात. खडकावर कालवं असतात, ती फोडायला कोयता घेऊन जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं. कोणत्या वाडीने कुठं जायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. दाभोळ खाडीत भोई आहेत, खारवी आहेत, दालदी मुसलमान मच्छीमार आहेत. कोलंबीची पिल्लं, बोय, काळुंदर हे सगळं याच पाण्यात वाढतं. तिवरांच्या मुळांत लहानपण काढून मग काही मासे समुद्रात जातात. तेव्हा खाडी बिघडली तर समुद्रातल्या बोटीलाही मासळी कमी लागते.

यातलं काहीच महसुलाच्या दप्तरात नाही. शेतकऱ्याची गुंठाभर जमीन गेली तर सातबारा दाखवून तो भांडू शकतो. ज्या बाईचा कालवांचा खडक गाळाखाली गेला तिच्याकडे दाखवायला काय असतं? पुरुषांच्या नावावर निदान होडीची नोंद असते. हाताने चिखलातून वेचणाऱ्या बाईची कुठेच नोंद नाही, त्यामुळे नुकसानीच्या यादीत तिचं नाव शेवटी येतं किंवा येतच नाही.

कायद्याला हे अगदीच मान्य नाही असं नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५ साली जेएनपीटी (न्हावाशेवा) बंदराच्या विस्तारप्रकरणी उरण-पनवेल भागातल्या कोळीवाड्यांमधल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. खाडीत आणि समुद्रात जाण्यायेण्याची, मासेमारीची जागा गेली म्हणजे उपजीविका गेली, हे त्यात मानलं गेलं. पण हे सगळं बंदरासाठी भराव टाकून झाल्यानंतरचं. आधी विचारलं असतं तर कदाचित भराव तसा झालाच नसता.

दाभोळला आणखी एक काळजी आहे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रिया करून याच खाडीत सोडलं जातं, आणि मासे मेल्याच्या तक्रारी खाडीकाठचे लोक कित्येक वर्षं करत आले आहेत. रसायनांतले काही घटक गाळाला चिकटून तळाशी बसून राहतात. तळ ढवळला तर ते पुन्हा पाण्यात येऊ शकतात. म्हणून उपशाच्या आधी गाळाची तपासणी, आणि उपसलेला गाळ कुठं टाकणार याचं उत्तर, दोन्ही मागायला हवं. तिवरांत टाकलेला गाळ तिवरं मारतो, खाजणात टाकला तर शेत.

'पण गाळ काढला तर पूर थांबेल ना?'

२२ जुलै २०२१चं चिपळूण ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढला गेला, आणि ते काम गरजेचंच होतं.

मात्र पुरासाठी गाळ काढणं आणि वाहतुकीसाठी चर खणणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुराला पात्राची रुंदी लागते, बेटं आणि अडथळे हटवावे लागतात, तेही शहराजवळ. वाहतुकीला मधोमध एक अरुंद, खोल वाट लागते, मुखापासून वरपर्यंत सलग. मोरीचं पाणी बाहेर ज्या बादलीत जातं ती बादलीच काठोकाठ भरलेली असेल, तर मोरीची नळी कितीही खरवडा, पाणी तुंबणारच. भरतीच्या वेळी समुद्र ही ती भरलेली बादली असते. खोल वाटेने भरतीचं पाणी वर लवकर आणि थोडं जास्त चढू शकतं, हेही मोजून बघावं लागतं. एका कामाचा फायदा दुसऱ्याच्या खात्यावर दाखवून मंजुरी घेऊ नये, एवढं म्हणणं आहे.

'ट्रक कमी होतील, हे चांगलं नाही का?'

चांगलंच आहे. जलवाहतुकीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा हिशेब असा: एका अश्वशक्तीत रस्त्यावरून १५० किलो, रेल्वेने ५०० किलो आणि पाण्यावरून ४,००० किलो माल हलतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या घाटात ट्रकमागे अडकलेल्या कुणालाही हे पटेल.

फक्त कुठला माल, हे विचारायचं. पाण्याची वाट कोळसा, खनिज, सिमेंट अशा अवजड मालाला परवडते, जो एका ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी उतरतो. आंबा, काजू, मासळी यांना वाटेत थोडाही वेळ फुकट गेलेला चालत नाही, आणि धक्क्यापासून पुढे पुन्हा टेम्पो लागतोच. माणसांची ने-आण मात्र खाडीला खरोखर मानवते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने चिपळूणचा अख्खा वळसा वाचवला, आणि त्यासाठी ४५ किलोमीटर तळ खणावा लागला नाही. मगरी बघायला वाशिष्ठीत होड्या फिरतात, त्यांनाही दोन मीटर खोली लागत नाही. पहिला टप्पा अशा कमी ड्राफ्टच्या नौकांचा ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सुनावणीच्या आधी नकाशा

पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. पण तीस दिवसांत अख्ख्या खाडीची माहिती गोळा होत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा आणि धक्के दाखवायचे असतात. आपल्या गावाच्या आराखड्यात ते खरंच दाखवलेत का, हे आधी बघून घ्यावं. हे नियम खाडीतही लागू होतात, उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारात पाच भाग असते तिथपर्यंत.

आणि जे आराखड्यात नाही ते आपण आखायचं. डोलीच्या जागा, कालवांचे खडक, तिसऱ्यांचे पट्टे, होड्या ओढायच्या जागा, उघाड्या, उन्हाळ्यात खाऱ्या होणाऱ्या विहिरी. ग्रामसभेत ठराव करून तो नकाशा नोंदवायचा आणि त्याची प्रत महाराष्ट्र सागरी मंडळाला, मत्स्यव्यवसाय विभागाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला देऊन पोच घ्यायची. कुठल्या खडकाला काय म्हणतात आणि कुठला पट्टा कुठल्या वाडीचा, हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना होडीत बसवून, अमावास्येच्या सुकतीला, सगळे दांडे (तळातले उंचवटे) उघडे पडलेले असताना एक फेरी मारली तर निम्मा नकाशा त्याच दिवशी होतो.